झाकली मूठ

अण्णांनी व्हिडिओ कॉलवर गाडी पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरात चुंबक आहे का गं?"

फ्रिजवर होतं. गोव्याहून आणलेलं, माशाच्या आकाराचं. ते घेऊन मी घरासमोरच्या मोकळ्या जागेत गेले. तिथं आमची गाडी उभी होती. १९७३ सालची फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन. वरून पांढरी, खालून फिकट निळी, रंग अगदी नवा.

"दाराखालच्या पत्र्याला लाव," अण्णा म्हणाले. मी लावलं. मासा घसरून खाली पडला. जरा पुढं लावलं. पुन्हा पडला. दारावर लावलं, तिथं मात्र घट्ट चिकटला.

अण्णा काही बोलले नाहीत. सांगलीत तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवलेल्या माणसाला बोलायची गरजही नव्हती. चुंबक पत्र्याला चिकटतं, लांबीला चिकटत नाही.

गॅरेजात कधी फारसा वेळ घालवला नसेल तर सांगते. पत्र्यावरचे खड्डे बुजवायला जी पुटी भरतात तिला लांबी म्हणतात. ती भरायची, सुकू द्यायची, पॉलिश पेपरनं घासायची, वर प्रायमर आणि मग रंग. माझं बालपण या लांबीच्या धुळीत गेलं. माझं इंजिनिअरिंगही त्याच धुळीतून झालं. तरीही आयुष्यातली पहिली जुनी गाडी घेताना मी चुंबक खिशात घेऊन गेले नव्हते.

गाडी आम्ही दोन वर्षांच्या बचतीतून घेतली होती. मी आणि माझा नवरा नॉटिंगहॅममध्ये नोकरीला. इन्स्टाग्रामवर असल्या गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. मागचं दार उघडं, आत गादी, खिडकीला छोटे पडदे आणि समोर समुद्र. आम्हीही पाहिल्या होत्या. विकणारा माणूस अगत्याचा होता. त्यानं चहा दिला, गाडी चालू करून दाखवली. "बॉडी चांगली आहे" असं तो म्हणाला होता का? नंतर मी पुष्कळ आठवून पाहिलं. नाही, तसं तो म्हणालाच नव्हता. आम्ही विचारलंही नव्हतं. रंग इतका ताजा होता की विचारावंसं वाटलं नाही.

म्हणजे तो आमच्याशी खोटं बोलला नाही. मग त्यानं आम्हाला फसवलं की नाही?

हा प्रश्न तीन वर्षं माझ्यासोबत राहिला. सुरुवातीला तो त्या माणसाबद्दल होता. शेवटी तो माझ्यावर आला.

•••

दुसऱ्या दिवशी ग्राइंडर लावला. लांबीचा थर अंगठ्याएवढा जाड निघाला. त्याखाली तारेची जाळी, जाळीमागं कोंबलेला फोम आणि फोमच्या मागं पापडासारखा चुरणारा गंज. खरा पत्रा फार थोडा उरला होता. पुढं एकदा जॅक लावला, तर जॅक वर गेला आणि गाडी होती तिथंच राहिली. जॅक लावायची जागाच आत चेपली गेली.

या गाडीत हे किती गंभीर आहे ते समजायला तिची बांधणी थोडी समजून घ्यावी लागते. ट्रकला खाली वेगळी चासी असते, तिच्यावर बॉडी बसवलेली असते. या व्हॅनमध्ये तसं नाही. खालचे लोखंडी पट्टे बॉडीलाच वेल्ड केलेले आहेत आणि सगळी मिळून एक पेटी झालेली आहे. दाराखालचा तो लांब भाग, ज्याला सिल म्हणतात, तो शोभेचा नाही. त्यात आत, मध्ये आणि बाहेर असे पत्र्याचे थर आहेत आणि गाडीचा भार त्यांच्यावर आहे. बाहेरचा थर तुम्हाला दिसतो. आतले थर काम करतात.

ही व्हॅन जन्मली तीही साधी, कामाची गाडी म्हणून. १९४७ च्या एप्रिलमध्ये बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्यानं आपल्या वहीत एका डब्यासारख्या गाडीचं रेखाटन केलं. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात माल हलवायला बीटलचे सुटे भाग जोडून केलेली एक सपाट गाडी फिरायची, ती पाहून त्याला हे सुचलं होतं. ते पान आज ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. १९५० साली उत्पादन सुरू झालं. पुढच्या वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीनं तिच्यात बसवायची झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय बाजारात आणली. पुढं जर्मनीत या व्हॅनची रूपं बदलत गेली, पण आमच्या गाडीच्या पिढीची भावंडं ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत बनत होती.

अण्णांचाही या घराण्याशी एक दूरचा संबंध निघाला. मराठीत आपण मालगाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो, तो शब्द हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या नावावरून आलेला. त्या कारखान्याच्या १९४९ च्या मॅटाडोर गाडीला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. तेच मॅटाडोर नाव पुढं पुण्यात बनलेल्या व्हॅनला मिळालं. आणि अण्णांच्या गॅरेजात वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त आली ती मॅटाडोर.

•••

दुरुस्ती आम्ही घरीच करायची ठरवली, कारण कारागिराकडून करून घेण्याइतके पैसे उरलेच नव्हते. मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मिग वेल्डिंग शिकले. नवऱ्यानं पहिलं काम केलं ते पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलण्याचं. या गाडीचं इंजिन मागं असतं, हवेनं थंड होणारं, आणि त्याचं मुख्य कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. पाइपला चीर पडून पेट्रोल गळलं आणि आग लागली तर ते कवचच पेटू शकतं. हे पाइप बाहेरून कुणाला दिसत नाहीत. ते बदलल्यावर गाडी तसूभरही सुंदर दिसत नाही.

मग डावी बाजू घेतली, सरकत्या दाराची. सिल कापण्याआधी आत आडवे-उभे लोखंडी बार वेल्ड करून बॉडी ताणून धरावी लागते. नाहीतर आधार कापल्याबरोबर ती मधून वाकते आणि मग दार बसतच नाही. त्यानंतर गंजलेला भाग कापत जायचं. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, हा नियम. सांगायला सोपा आहे, पाळायला फार जड जातो. प्रत्येक वेळी वाटतं, एवढ्यावर थांबू, इथं वेल्ड धरेल. पातळ पत्र्यावर वेल्ड धरत नाही, भोक पडतं. मग आणखी दोन इंच कापायचं. त्या हिवाळ्यात मी हातातलं भोक मोठं होताना पाहत होते आणि लोकांना सांगत होते की गाडी सुधारतेय.

एका रविवारी हे सगळं अण्णांना दाखवत असताना मी त्या विकणाऱ्याला शिव्या घातल्या. जाळी, फोम, लांबी! कुणाचा जीव गेला असता तर?

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरी, मीपण भरलीय अशी."

कोकणातून आलेली एक मॅटाडोर होती. खाऱ्या हवेनं खालचा पत्रा पार खाल्लेला. मालकाला ती विकायची होती. अण्णांनी पत्रा बदलायचा खर्च सांगितला. मालक म्हणाला, एवढे नकोत, दिसायला नीट करून द्या. अण्णांनी करून दिली. जाळी लावून, वर लांबी, वर रंग. "फोम तेवढा नव्हता तेव्हा," ते म्हणाले. मी हसेन असं त्यांना वाटलं असावं.

"पुढं काय झालं त्या गाडीचं?"

"काय माहीत. गेली."

मग त्यांनी आपली बाजू मांडली, आणि ती पोकळ नव्हती. जुनी गाडी घेणाऱ्याला ती जुनी आहे हे कळत असतं. बाजारातल्या प्रत्येक जुन्या गाडीत लांबी असते आणि ते धरूनच भाव ठरतो. मी नसती भरली तर शेजारच्यानं भरली असती. गिऱ्हाईक माझं होतं, पुढचा घेणारा माझा नव्हता. आणि शेवटी, "झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडून फिरलो असतो तर तुझी फी कुठनं भरली असती?"

शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

•••

जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्याला एक तत्त्वज्ञानातला प्रश्न हमखास विचारतात. सगळे भाग बदलले तर ती तीच गाडी राहते का? ग्रीक लोकांनी तो थीसियसच्या जहाजावरून विचारला. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपलं, कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, मग जहाज तेच की वेगळं? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठं आहे? शेवटी दोघांचं एकमत होतं की हे सगळे भाग एकत्र आले की त्यांच्या आधारानं आपण 'रथ' असं म्हणतो. ते एक नाव आहे, एक व्यवहार आहे.

ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला मात्र एवढ्यावर थांबून चाललं नसतं. खूप बदललेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवू द्यायचा की नाही, हे ठरवायला त्यांनी बरीच वर्षं गुण देण्याची पद्धत वापरली. मूळ चासी किंवा बॉडीला ५ गुण. सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. इंजिनला फक्त १. किमान ८ गुण मिळाले तर गाडी तीच.

मला हे वाचून गंमत वाटली होती. ज्याला आपण गाडीचं काळीज म्हणतो त्या इंजिनला एक गुण आणि पत्र्याला पाच. पण डाव्या बाजूचं काम करताना ते पटलं. इंजिन बदलता येतं. पत्र्याच्या पेटीतच गाडी आहे.

तरीही या जुन्या कोड्यानं मला कधी रात्री जागं ठेवलं नाही. आमच्या गाडीची डावी सिल नवी आहे, इंग्लंडमध्ये विकत घेतलेल्या पत्र्याची, आणि मी ती कुणालाही आनंदानं सांगते. प्रत्येक टप्प्याचे फोटो आहेत. जुनी गाडी घरी दुरुस्त करणारे बहुतेक लोक असे फोटो ठेवतात. सुरुवातीला मला ते मिरवणं वाटायचं. नंतर कळलं, एकदा रंग चढला की आत काय केलं याचा दुसरा पुरावाच उरत नाही. नागसेन म्हणतो तसं 'गाडी' हे जर भागांवर ठेवलेलं नाव असेल, तर ते नाव खरं ठेवणं नाव वापरणाऱ्यांच्या हातात आहे. नवा पत्रा नावाला खोटं पाडत नाही. खाली काय आहे ते लपवणारी लांबी पाडते.

आणि इथं लांबीचीही बाजू घ्यायला हवी. चांगल्या पत्र्यावर, वेल्डची रेघ सपाट करायला, मीही लांबी लावली. पातळ थर, घासून जेमतेम उरलेला. तो प्रामाणिक कामाचा भाग आहे, जगातला प्रत्येक पेंटर ते करतो. साहित्य तेच, पत्र्याचा डबाही तोच. फरक एवढाच की एक लांबी पत्रा नीट दिसावा म्हणून आहे आणि दुसरी पत्रा दिसूच नये म्हणून.

•••

तिसऱ्या वर्षी आम्हाला परत यावं लागलं. अण्णांची तब्येत बिघडली होती. गाडी सोबत आणणं आम्हाला शक्य नव्हतं. डावी बाजू पूर्ण झाली होती. उजव्या बाजूची सिल मात्र आम्ही हातही न लावलेली, म्हणजे आधीच्या मालकाची लांबी, फोम आणि ताजा निळा रंग तसाच. बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसत. खरं सांगायचं तर उजवीच जास्त गुळगुळीत दिसे. माझं वेल्डिंग अजून कच्चं होतं.

पहिलं जोडपं आलं ते आमच्यासारखंच होतं. त्यांनी डाव्या बाजूचे फोटो पाहिले आणि खूश झाले. "तुम्ही केवढं काम केलंय!" म्हणाले. उजव्या बाजूबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी डावी पाहिली होती आणि उजवी मनातल्या मनात भरून घेतली होती.

कायद्याची मला अडचण नव्हती. खासगी विक्रीत तुम्ही खोटं वर्णन करायचं नसतं, पण न विचारलेला प्रत्येक दोष आपणहून सांगायलाच हवा असंही नसतं. रस्त्यावर चालवायला धोकादायक गाडी विकणं हा गुन्हा आहे, पण धोकादायक कुठून सुरू होतं हे त्या गंजाकडे बघून मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं, आणि न सांगता येणं सोयीचंही होतं. शिवाय तिथं २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीची तपासणी सक्तीची नाही. म्हणजे माझ्यानंतर कुणी अधिकारी त्या गाडीखाली टॉर्च घेऊन जाईलच असं नव्हतं. माझ्या आणि त्या जोडप्याच्या मध्ये दुसरं कुणी नव्हतं.

आणि मनात हिशेब चालू होता. आम्हाला फसवलं गेलं. आम्ही अर्धी गाडी स्वतःच्या हातांनी वाचवली. उरलेलं अर्धं नुकसानही आम्हीच का सोसायचं?

हा पेच जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सिसेरोनं अथेन्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक माणूस घर विकतोय. लाकूड कुजलंय, घर पडायला आलंय, आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. त्यानं सांगावं का? सिसेरो दोन स्टोइक विचारवंतांचं भांडण मांडतो. गुरू डायोजिनीस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. मालकानं घ्या म्हणून जबरदस्ती केली नाही, घेणाऱ्याला स्वतःचे डोळे आहेत. सगळंच सांगायचं तर मग विकता कशाला, फुकट देऊन टाका. शिष्य अँटिपेटर म्हणतो, समोरच्याला जाणून बुजून चुकू देणं हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षा वाईट आहे.

डायोजिनीसचं म्हणणं वाचताना मला अण्णांचा आवाज ऐकू येत होता. सिसेरो मात्र शिष्याच्या बाजूनं उतरतो. त्याच्या मते गप्प राहणं आणि लपवणं यांत फरक आहेच. पण तुम्हाला माहीत असलेली गोष्ट, जी समोरच्याच्या हिताची आहे, ती त्याला कळू नये असं तुम्हाला तुमच्या फायद्यासाठी वाटत असेल, तर ते लपवणंच.

मी ही कसोटी स्वतःला लावली. ते जोडपं उजव्या बाजूला वळलं, तेव्हा मला काय वाटलं होतं? त्यांनी तिथं वाकू नये असं वाटलं होतं. तेवढं पुरेसं होतं.

मी आत गेले, फ्रिजवरचा मासा काढला आणि त्यांच्या हातात दिला. "दाराखाली लावून बघा," म्हटलं.

मासा पडला. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेऊन निघून गेले, पुन्हा आले नाहीत. पुढं दोन महिन्यांनी एका माणसानं गाडी घेतली, त्याला स्वतःलाच वेल्डिंग करायचं होतं. आम्ही सुरुवातीला मनात धरलेल्या किमतीपेक्षा बरीच कमी मिळाली. तेवढे पैसे आले असते तर परत आल्यावरचे पहिले काही महिने, दवाखान्याच्या चकरा चालू असताना, सोपे गेले असते. सचोटीचं फळ मिळतं वगैरे मी म्हणणार नाही. मला मिळालं नाही.

•••

मग हे कशासाठी?

माझं उत्तर एवढंच आहे. गंजलेली वस्तू हातोहात पुढं जात असते. प्रत्येक जण ती थोडी रंगवतो आणि पुढच्याला देतो. प्रत्येकाकडे कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. कुणाला फी भरायची असते, कुणाला स्वतःलाच आधी फसवलेलं असतं. गंज मात्र त्या सगळ्या काळात आत वाढत राहतो. नुकसान नाहीसं होत नाही, फक्त त्याचा मालक बदलतो. दुरुस्ती म्हणजे ते नुकसान आपल्यापाशी थांबवणं. वेल्डिंग करून थांबवता आलं तर उत्तम. पैसे, वेळ, ताकद संपली असेल तर निदान खरं सांगून, म्हणजे पुढचा माणूस किंमत आणि धोका दोन्ही बघून घेईल.

यात अण्णांना दोषी ठरवून मी मोकळी होऊ शकत नाही. त्यांनी भरलेल्या लांबीवर मी शिकले आणि त्या शिक्षणाच्या जोरावर प्रामाणिक राहणं मला परवडलं. गाडी कमी किमतीत गेली तरी आमची चूल बंद पडणार नव्हती. त्यांची पडली असती. ज्याला परवडतं त्यानंच आधी थांबवायला हवं, एवढा अर्थ मी त्यातून काढते. त्याहून मोठा निवाडा करायचा मला अधिकार नाही.

विक्रीची हकिकत मी अण्णांना सांगितली तेव्हा ते आधी म्हणाले, "एवढं कशाला सांगत बसायचं?" मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. संध्याकाळी चहा देताना त्यांनी आपणहून विषय काढला. त्या मॅटाडोरचा नंबर त्यांना अजून पाठ होता. तीस वर्षांत शेकडो गाड्या आल्या आणि गेल्या, तेवढा एकच नंबर पाठ राहिला होता.

"ते चुंबक कुठाय गं?" त्यांनी विचारलं.

चुंबक मी घेणाऱ्याला दिलं होतं. गाडीच्या किल्ल्या, फोटो आणि नोंदणीचे कागद यांच्यासोबत.